विषय: हॅलोविनला हॉल, दसरा व्हॉट्सअ‍ॅपवर?

सचिवांकडून, परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या सर्व सभासदांना

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी हॉल मिळाला आहे. त्या दिवशी मुलांसाठी हॅलोविन ठेवतोय: वेशभूषा, भोपळा कोरणे, गोळ्या-चॉकलेटं. नवरात्रात हॉल मिळाला नाही, त्यामुळे यंदा भोंडला आणि दसरा होणार नाही. दसऱ्याच्या शुभेच्छा व्हॉट्सअ‍ॅपवरच देऊ. हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवावे.

---

मंगळवार पेठ, कोल्हापूरहून

सचिवसाहेब,
निवृत्त होऊन गावी परतलो तरी लिस्टवरचं नाव मी काढलेलं नाही. तेव्हा हरकत घेतो.

हॅलोविनशी माझं भांडण नाही. तुमच्या गल्लीतला सण तो, पोरं खेळणारच. पण त्याला हॉल आणि दसऱ्याला फोनवरचं चित्र, हे काही पटलं नाही. आणि भोपळाच फोडायचा तर आमच्याकडं कोहळ्याची झकास गोष्ट आहे.

कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष. त्यानं योगदंड फिरवून देवी अंबाबाईसकट सगळ्या देवांची मेंढरं करून टाकली. त्र्यंबोलीनं, म्हणजे आमच्या टेंबलाईनं, युक्तीनं तो दंड मिळवला, कामाक्षाला मारलं आणि सगळ्यांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला आणि आमंत्रण द्यायचं राहिलं ते नेमकं तिलाच! बाई रुसली. टेकडीवर जाऊन पाठ फिरवून बसली. शेवटी अंबाबाईला स्वतः समजूत काढायला जावं लागलं. म्हणून अजूनही नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, देवळात त्या दिवशी गजारूढ पूजा बांधतात, आणि टेकडीवर कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात. फुटला रे फुटला की तुकड्यासाठी जी झुंबड उडते! पोलीस आडवे होतात, पोरं खांद्यांवरून झेपा घेतात. एखाद्याच्या हाताला नुसत्या चार बिया लागतात, तोही त्या कपाळाला लावून खूश.

इथं एका शाळेनं मागच्या वर्षी पहिलीच्या पोरांना हॅलोविनचे काळे कपडे घालून बोलावलं. शेजारची पोरगी भूत होऊन आली. तिला विचारलं, टेंबलाई का रुसली गं? ती म्हणते, कोण टेंबलाई? आता बोला. तुमच्याकडं हॅलोविन शेजाऱ्यापाजाऱ्यांचा तरी आहे. इथं तो थेट दुकानातून आलाय, आणि पोरांना टेंबलाईची गोष्ट सांगायला घरात कुणाला वेळ नाही.

---

एक सभासद, त्याच दिवशी रात्री

काका, नमस्कार.
माझा मुलगा चौथीत आहे. 'हा आपला सण नव्हे' म्हणून त्याला घरात बसवलं तर तो दसऱ्यावरच राग धरेल. आणि आपलं-परकं तरी कुठं धरायचं? उपासाची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा, बटाटा, शेंगदाणे, मिरची, सगळं मुळात अमेरिका खंडातलं. तुमच्या तांबड्या रश्श्यातली मिरचीसुद्धा पोर्तुगीजांनी आणलेली. सार्वजनिक गणपतीला टिळकांनी जोर दिला तो 1893 पासून, तोही एकेकाळी नवाच होता. आणि थर्टी फर्स्टला कोल्हापुरात मटणाच्या दुकानापुढं जी रांग लागते, ती कुठल्या देवाची हो?

---

कोल्हापूरहून

वहिनी,
मटणाला आम्हाला निमित्त लागत नाही, रांग दर रविवारी असते. मिरची आली, आमच्या चटणीत बसली, तांबडा रस्सा झाला. तिनं दसऱ्याला उठवून त्याची जागा घेतली नाही. पोराला खुशाल भूत होऊ दे.

उलट हॅलोविनवाल्यांकडूनच शिका म्हणतो मी. गावाकडं आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. 19व्या शतकात अमेरिकेत गेले, तिथं मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला, तो घेतला. भाजी बदलली, सण सोडला नाही. आपणही तेवढं करू. कोहळा तुमच्याकडं चिनी दुकानात विंटर मेलन म्हणून मिळतो. त्याला हॉल लागत नाही, कुणाचंही अंगण चालेल. एकीला टेंबलाई करा, पाठ फिरवून बसवा, बाकीची मेंढरं. भूत व्हायला जेवढी पोरं भांडतात तेवढीच मेंढरू व्हायला भांडतील, लिहून ठेवा.

दसऱ्याचंही तसंच. इथं दसरा चौकात अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या येतात, छत्रपती जुन्या मेबॅक मोटारीतून येतात, सूर्यास्ताला शमीपूजन झालं की सोनं लुटायला एकच धाव. एवढा थाट तिथं कुठून होणार? आपट्याचं पान नाही मिळालं तर त्या लाल मेपलचं द्या. पण हातात द्या, आणि पोरांना मोठ्यांच्या पाया पडू द्या. फोनवर पाया पडता येत नाही.

---

सचिवांकडून

मंडळी,
हॉल हॅलोविनलाच राहील, आगाऊ रक्कम भरली आहे. ललिता पंचमी जवळच्या शनिवारी सकाळी अकराला आमच्या अंगणात. काका, तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजतील, गोष्ट व्हिडिओवर तुम्हीच सांगायची. दसऱ्याच्या संध्याकाळी ज्यांना जमेल त्यांनी आमच्याकडे पान द्यायला यावं, चहा-चिवडा आहे. दोन कोहळे लागतील, कोण आणतंय? सुरी मोठ्यांच्या हातात राहील.

टेंबलाईसाठी आतापर्यंत पाच मुलींची नावं आली आहेत. अंबाबाई व्हायला कुणी तयार नाही, कारण तिला समजूत काढावी लागते. ज्यांच्या घरी दोन मुली आहेत त्यांनी कृपया थोरलीला विचारावं.