पूर्ण कवळीच्या पेशंटचं चावणं कसं मोजू? जिलेटिन नसलेलं काही सुचवा

नमस्कार. मी प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये (कृत्रिम दात आणि कवळ्यांची शाखा) एमडीएस करते आहे, दुसरं वर्ष. साठीपुढचे पूर्ण कवळीचे पेशंट जुन्या कवळीने किती चावू शकतात आणि नवी बसवल्यावर तीन महिन्यांनी किती, हा थेसिसचा विषय आहे. पायलटमध्येच अडले आहे. दंतवैद्य मंडळींची मदत हवीच आहे, पण शेवटचा प्रश्न घरात कवळीवालं माणूस असलेल्या कुणालाही आहे.

नुसतं विचारून भागत नाही. "नीट चावता येतं ना?" म्हटलं की बहुतेक जण "हो, काही त्रास नाही" म्हणतात, कारण जे चावत नाही ते त्यांनी केव्हाच सोडलेलं असतं. परवा एका आजींनी असंच सांगितलं. भाजके शेंगदाणे हातावर ठेवले तर त्यांनी ते पदराच्या टोकाला बांधले, "नातवाला होतील" म्हणून. त्यामुळे मला चावलेल्या घासाचंच मोजमाप हवं आहे.

पहिला विचार जपानी पद्धतीचा होता: २ ग्रॅमची गमी २० सेकंद चावायची, १० मिली पाण्याने चूळ भरून सगळं गाळणीत टाकायचं आणि खाली आलेल्या पाण्यातलं ग्लुकोज मोजायचं. १०० मिग्रॅ/डेसीलिटरपेक्षा कमी आलं तर चावण्याची क्षमता घटलेली धरतात. पाच मिनिटांत आकडा हातात. पण गमीत जिलेटिन असतं, म्हणजे प्राणिज. आमच्या ओपीडीत माळकरी पेशंट पुष्कळ. त्यांना न सांगता ते तोंडात देणं मला मान्य नाही, आणि सांगितलं की ते हात जोडतात.

मग दोन रंगांचं च्युइंगगम. २० वेळा चावून घ्यायचं, १ मिमी जाडीचं सपाट करायचं, दोन्ही बाजू स्कॅन करायच्या आणि रंग किती मिसळले ते व्ह्यूगम या सॉफ्टवेअरवर बघायचं. सॉफ्टवेअर फुकट आहे, पद्धत सुंदर आहे. पण आणलेलं गम कवळीच्या अॅक्रिलिकला चिकटतं आणि खालची कवळी उचलली जाते. शिवाय ज्यांनी जन्मात गम खाल्लं नाही ते ते जिभेवर घोळवत बसतात, नाहीतर गिळतात.

माझे प्रश्न:

१) जिलेटिन नसलेलं आणि कवळीला न चिकटणारं काय वापरता येईल?

२) शेंगदाणे-चाळणीची जुनी पद्धत (दाणे चावायला द्यायचे आणि चावलेला घास चाळून मोजायचा) कवळीच्या पेशंटवर कुणी केली आहे का?

३) प्रश्नावलीसाठी मऊ ते कडक अशी पदार्थांची यादी हवी आहे. परदेशी प्रश्नावलीत स्टेक आणि सफरचंद आहे, ते इथे काय कामाचं? तुमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी कवळी आल्यावर काय काय सोडलं?

प्रतिसाद
दाण्यांची पद्धत केली गेली आहे. १९५० मध्ये मॅन्ली आणि ब्रेली यांनी रुळवलेली पद्धत आहे ती, अजूनही चालते. पण एकाच पोत्यातले, एकाच वेळी भाजलेले दाणे घ्या, नाहीतर आकडे पेशंटचे नसून दाण्यांचे येतील. चावून झाल्यावर कवळी काढायला सांगून तिच्याखालचा कणन् कण धुऊन घ्या, निम्मा माल तिथेच दडतो. तरी तुमच्यासाठी मी मेण सुचवेन. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या गटाने लाल-निळ्या मेणाची २० मिमी व्यासाची टिकली वापरली आहे, प्रत्येक रंगाचा ३ मिमीचा थर; गमसारखंच, चावल्यावर रंग किती मिसळले ते बघायचं. मेण मऊ असल्याने कमी जोराच्या चावण्यातही फरक दिसतो. मेण तोंडात वापरण्याजोगं हवं, लॅबमधलं मॉडेलिंग वॅक्स नको. आणि एथिक्स कमिटीला बदल आधी कळवा.

प्रतिसाद
मी डॉक्टर नाही. आमच्या आईने सोडलेलं: ज्वारीची कडक भाकरी, फुटाणे, पेरू, कच्चा कांदा, चिक्की. मटण "आवडत नाही" म्हणते, पूर्वी नळी सोडायची नाही. पण तिला "भाकरी खाता का" विचाराल तर हो म्हणेल, कारण भाकरी ती दुधात कुस्करून खाते. तेव्हा कशी खाता ते विचारा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. प्रत्येक पदार्थापुढे चार रकाने करते: नेहमीसारखं, बारीक करून किंवा भिजवून, कवळी काढून, सोडलं. "कवळी काढून" हा रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कितीतरी जण जेवताना ती डबीत ठेवतात आणि आम्हाला सांगत नाहीत. मेणासाठी गाईडशी उद्याच बोलते. टिकलीचा साचा कशाचा करायचा, आणि चावण्याआधी ती कोमट पाण्यात ठेवायची का, तेवढं सांगाल का? कोकणातल्या आणि विदर्भातल्या मंडळींनी आपापल्याकडचे पदार्थ नक्की लिहा, माझी यादी सध्या फार भाकरी-शेंगदाण्याची झाली आहे.