गाठ जाणार नाही हे कळलेला पेशंट 'आज बरं वाटतंय' म्हणतो, तेव्हा आपण ऐकतो का?

तळ्याकाठी
कॅन्सर यकृतात, हाडांत पसरलेल्या माणसाला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने 'तू ठणठणीत होणार बघ' म्हणणं मला क्रूर वाटतं. तोवर त्या माणसाने बरं होण्याचं आपलं मोजमाप बदललेलं असतं. रात्री सलग झोप, तोंडाला चव, पोट साफ होणं, भावाशी वर्षानुवर्षं तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू होणं. माझ्या आईला अंडाशयाचा कॅन्सर होता. पोटात पाणी भरायचं. ते काढलं की मऊ भात मागून खायची आणि म्हणायची, "आज बरी आहे गं मी." घरात मात्र चर्चा फक्त सीए-१२५ च्या, म्हणजे रोग किती वाढला ते सुचवणाऱ्या रक्ततपासणीच्या आकड्याची.

ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटांची शुश्रूषा करणारं घर, उघडलं. दुखणं शरीराचं असतं तसंच मनाचं, घरच्या काळजीचं आणि 'माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाचंही असतं, हे त्या तेव्हापासून सांगत होत्या. असंच मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून. तरी पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणारी शुश्रूषा, म्हटलं की नातेवाइकांना 'डॉक्टरांनी हात टेकले' एवढंच ऐकू येतं. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ पेशंटांवर बोस्टनमध्ये झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत पहिल्यापासून ही शुश्रूषाही मिळाली त्यांच्यात उदासी कमी होती, अखेरच्या काळात केमोचा मारा कमी झाला, आणि ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. पेशंट ज्याला बरं वाटणं म्हणतो, त्याला उपचारात पहिली जागा मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

माणदेशी
असहमत. माझ्या वडिलांना रोग पसरलाय हे नीट माहीत होतं, तरी पुढच्या केमोची तारीख तेच विचारून घ्यायचे. उपचार चालू आहेत म्हणजे आपण अजून उभे आहोत, हाच त्यांचा आधार होता. तो काढून घेऊन त्यांच्या हातात 'मनःशांती' ठेवली असती तर ते महिनाभर आधीच गेले असते असं मला वाटतं.

आणि आता काही होणार नाही, हे ठरवणार कोण? मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्येच तोंड-घशाच्या पसरलेल्या कॅन्सरवर, केमोच्या गोळ्यांच्या जोडीला, निवोलुमॅब या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाचा जेमतेम २० मिलिग्रॅम डोस, म्हणजे नेहमीच्या एक दशांशाहूनही कमी, देऊन पाहिला. वर्षभरानंतर जिवंत असलेले पेशंट शंभरात १६ वरून ४३ वर गेले. हे सगळे 'बरे न होणारे' म्हणून नोंदलेले लोक होते. अशा काळात आशा खोटी ठरवायची घाई नको.

रात्रपाळी
मी कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. माणदेशी, तुमच्या वडिलांना माहीत होतं, हे त्यांचं भाग्य. बहुतेकांना माहीत नसतं. अमेरिकेत केमो घेणाऱ्या, रोग पसरलेल्या ११९३ पेशंटांना विचारलं, तर फुप्फुसाच्या ६९ टक्के आणि आतड्याच्या ८१ टक्के पेशंटांना या केमोने आपण पूर्ण बरे होणार नाही हे उमगलेलं नव्हतं (२०१२). आपल्याकडे तर मुलगा दारातच हात जोडतो, "सिस्टर, बाबांना काही बोलू नका." आणि रात्री दोनला तेच बाबा मला विचारतात, "किती दिवस उरलेत, खरं सांगा."

एक गोष्ट सांगते. सोलापूरकडचे एक आजोबा, तंबाखूने गालाचा कॅन्सर, जखम बाहेर फुटलेली. वासामुळे घरच्यांनी त्यांची खाट गोठ्याशेजारी टाकली होती. मेट्रोनिडॅझोल या जंतू मारणाऱ्या औषधाच्या गोळ्यांची पूड जखमेवर घालून रोज ड्रेसिंग केलं, वास ओसरला. धाकटी नात येऊन पायाशी बसली. "आता बरा झालो मी," म्हणाले. गाठ होती तेवढीच होती. या पुडीला फार पैसे लागत नाहीत, पण ती घरच्यांना दाखवायला कुणाला तरी वेळ काढावा लागतो.

उजळमाथा
सगळं मनावर आहे. माझ्या ओळखीतल्या एकांनी केमो नाकारली, गोमूत्र आणि ध्यानावर राहिले. सकारात्मक राहा, शरीर स्वतःला दुरुस्त करतं.

तळ्याकाठी
उजळमाथा, हे मी इथे पुढे जाऊ देणार नाही. आधारगटात बसणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंट जास्त जगतात, असं १९८९ मध्ये एका अभ्यासात दिसलं होतं. २००१ च्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढलं नाही. मन हलकं झालं आणि दुखणं कमी जाणवलं. तेही पुष्कळ आहे, पण तेवढंच आहे. बरे होऊ शकणाऱ्या टप्प्यावर उपचार नाकारून फक्त पर्यायी औषधांवर राहिलेल्यांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला (२०१८). शिवाय 'सकारात्मक राहा'चा बोजा पेशंटवर पडतो. रोग वाढला की 'मीच खचले म्हणून वाढला' असं म्हणत रडणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

कोरडवाहू
तुम्ही सगळे मुंबई-पुण्याचं बोलताय. आमच्याकडून टाटाला जायचं म्हणजे रात्रभर रेल्वे, मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेसाठी नंबर, नाहीतर फूटपाथ. परत आल्यावर दुखायला लागलं तर मॉर्फिन कुठाय? असह्य वेदनेवरची, अफूपासून बनणारी स्वस्त गोळी आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ढीगभर परवाने मागितले. परवाने सोपे करणाऱ्या २०१४ च्या दुरुस्तीनंतरही आमच्या तालुक्याच्या मेडिकलवाल्याला ती ठेवायची भीती वाटते. काकू उशी तोंडात धरून ओरडायची. तिला कुणी मोजमाप विचारलं असतं तर 'हे थांबव' एवढंच म्हणाली असती. गरिबाला औषध परवडत नाही तेव्हा त्याला अध्यात्म देतात, मला तर हेच दिसतं.

तळ्याकाठी
कोरडवाहू, तुमचा राग रास्त आहे. म्हणूनच मॉर्फिन आधी आणि बाकी सारं नंतर, असं मी म्हणते. तालुक्याला मिळत नसेल तर जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह विभाग आहे का, हे लेखी अर्ज करून विचारा. अर्ज लिहायला मी मदत करते.

खाडीपल्याड
मी पेशंट आहे. स्तनाचा, आता मणक्यात. तुम्ही सगळे माझ्याविषयी बोलताय म्हणून लिहिते.

मला शांत व्हायचं नाहीये. मुलगी दहावीत आहे, मी चिडलेली आहे आणि तो राग मला हवाय. सोमवारी मला नवीन औषधाची माहिती हवी असते, गुरुवारी फक्त कुणीतरी पाठीला तेल लावून द्यावं एवढंच हवं असतं. दोन्ही दिवशी मी तीच बाई असते. भेटायला येणारे एकतर 'लढ' म्हणतात नाहीतर 'स्वीकार' म्हणतात. आज काय हवंय, हे फक्त माझी नणंद विचारते. तिच्याजवळ मला बरं वाटतं.

माणदेशी
ताई, तुमच्या सोमवारसाठी मी भांडत राहीन. गुरुवारचं तळ्याकाठींनी पाहावं. पण केमो कधी थांबवायची हे तुमच्याआधी दुसऱ्या कुणी ठरवू नये, यावर मी ठाम आहे.

रात्रपाळी
तेच म्हणतेय मी. पण त्यासाठी आधी ताईंच्या हातात त्यांचा खरा रिपोर्ट हवा, आणि तो त्यांना समजेल अशा मराठीत सांगणारा डॉक्टर हवा.