मदत हवी आहे: सायकलच्या ट्यूबसाठी कोणती रिम टेप (रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी)?

मागच्या चाकाची ट्यूब वारंवार पंक्चर होते आहे. छिद्र दरवेळी रिमच्या बाजूला, बरोबर स्पोकच्या भोकापाशी. टायर आतून चाचपून पाहिला, काटा-काच नाही; स्पोकची टोकंही वर आलेली नाहीत. सध्याची रबरी पट्टी मात्र भोकांत खोल दबली आहे, संशय तिच्यावरच.

रिम डबल वॉल (दुहेरी भिंतीची), साइज ७००सी, आतली रुंदी १९ मिमी. टायर २८ मिमी, हवा ८० पीएसआय. ट्यूबलेस (ट्यूबशिवाय टायर) करायचं नाही.

कापडी चिकट टेप ताणली जात नाही म्हणून तीच बरी वाटते. १६ मिमीची घेतली तर सरकून भोकांच्या कडा उघड्या पडतील का? आणि १९ ची घेतली, तर टायरची कड नीट बसायला अडचण येईल का?

की ट्यूबलेसचीच पातळ टेप दोन थर लावून, ट्यूबसोबत या दाबाला टिकते?