ओवी उमगली तो दिवस: ग्रंथाभ्यासाचे तुमचे अनुभव सांगा

पाठांतर लहानपणी होतं, अर्थ मात्र पुढे कधीतरी अवचित लागतो. 'जे खळांची व्यंकटी सांडो' हे मी तीसेक वर्षं म्हणत आले आणि मनात 'दुष्ट नाहीसे होवोत' असंच धरून बसले. ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय शब्दार्थासह वाचायला घेतला तेव्हा कळलं, व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. खळ जावोत असं माऊली म्हणतच नाहीत. त्यांचा वाकडेपणा जावो, आणि 'तयां सत्कर्मी रती वाढो'. एका जवळच्या माणसावर माझा जुना राग होता. त्या रात्री त्याच्यासाठी पहिल्यांदा काही मागता आलं.
अभ्यासाने तुमच्या साधनेत काय बदललं? सविस्तर लिहा.

*

मी फक्त ध्यान करणारा. अनुभव असताना शब्द कशाला, असं ठामपणे वाटायचं. मग मधली दोन वर्षं फार वाईट गेली. बसायचो, पण काही लागेना. कधी लागलं तर टिकेना. आपलीच पात्रता नाही असं धरून आसन जवळजवळ सोडलंच होतं. तेव्हा कुणीतरी योगसूत्रं हातात दिली. त्यातल्या पहिल्या भागात, समाधिपादात, नऊ अंतराय म्हणजे अडथळे सांगितलेत: व्याधी, स्त्यान (मनाची जडता), संशय, प्रमाद, आलस्य, अविरती (विषयांची ओढ न सुटणं), भ्रांतिदर्शन आणि शेवटचे दोन, अलब्धभूमिकत्व नि अनवस्थितत्व. म्हणजे भूमिका न गवसणं, आणि गवसली तरी तिथे न ठरणं. माझंच दुखणं, नावानिशी! वाटेतला हा खड्डा आधीच्यांनी पाहून ठेवलाय म्हटल्यावर केवढा धीर आला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बसलो.

*

माझा अनुभव थोडा उलट. पारायणांची संख्या वाढत गेली, स्वभाव तसाच राहिला. उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी पत्नी मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन, म्हणजे ऐकणं, त्यावर विचार आणि मग त्याचाच ध्यास, असं तिन्ही सांगतात. मी श्रवणावरच थांबले होते. आता गीतेच्या बाराव्या अध्यायातलं एकच पद धरलंय, 'अद्वेष्टा', म्हणजे कुणाचाही द्वेष न करणारा. चार महिने झाले, अजून तिथेच आहे.

*

आईला दिसेनासं झाल्यावर मी तिला ज्ञानेश्वरी वाचून दाखवायचो. खरं तर तिच्यासाठीच, मला त्यात फारशी गोडी नव्हती. तेराव्या अध्यायात एकट्या अहिंसेवर शंभराहून जास्त ओव्या आहेत. मला वाटलं, भराभर उरकावं. भुंगा कमळावर हळुवार पाय ठेवतो, केसर कुस्करेल या शंकेने, तशी अहिंसक पुरुषाची चाल असते, ही ओवी आली आणि आई म्हणाली, "थांब. पुन्हा म्हण."
पुन्हा म्हटली.
"अरे, तू दार केवढ्यानं आपटतोस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.
आई आता नाही. तेरावा अध्याय मी एकटा वाचतो, आणि दार लावताना हात आपोआप कडीवर थांबतो.