महिनाअखेरचा स्वयंपाक आणि पोरांची चैन

गच्चीवरची तुळस:
माळ्यावरून दिवाळीचे डबे काढताना शंकरपाळ्याचं कातणं थेट पायावर पडलं. अंगठा ठणकतोय आणि मी फरशीवर बसून एकटीच हसतेय.

2009. डोंबिवली, चौथा मजला, लिफ्ट नाही. घराचा हप्ता नुकताच सुरू झालेला, धाकटीच्या वेळी माझी नोकरी सुटलेली, पगार एकच. 5 तारखेला हप्ता जायचा, 7ला किराणा भरायचा आणि 25च्या सुमाराला डबे वाजायला लागायचे. थोरला साडेपाच, धाकटी तीन. शेजारच्या वाढदिवसाला पिझ्झा खाऊन आले आणि घरी रोज तेच तुणतुणं. एका संध्याकाळी वैतागून कणीक मळली. हळद, तिखट, ओवा, मीठ, चमचाभर तेल. जाडसर पोळी लाटली आणि कातणं पोरांच्या हातात दिलं, "कापा काय कापायचं ते." चांदणी झाली, मासा झाला, बाबांची चप्पल झाली. एक काहीतरी वेडंवाकडं होतं, त्याला धाकटी 'डॉक्टर' म्हणत होती. गॅसवर चिंचगुळाची पातळ आमटी रटरटत होती, त्यात एकेक आकार नाव घेऊन सोडायचा. डॉक्टर आमटीत फुटला, मग रडारड. वरून तूप. जो तो ताटलीत आपापला आकार शोधतोय. चप्पल अर्थातच बाबांनी खाल्ली.

मग दर महिन्याला आमच्याकडे 'आकारांचा दिवस' यायचा. तो 25नंतरच का येतो, हे कुणी कधी विचारलं नाही.

तुमच्याकडे काय व्हायचं? लिहा ना.

आळूचं फदफदं:
डॉक्टर फुटला!! ऑफिसात चहा सांडला माझा.

दोन पिल्लांची आई:
आमच्याकडे अजून चालू आहे गं, 2009 कशाला. काल रात्री उरलेल्या खिचडीत बेसन आणि कांदा घालून टिक्क्या केल्या, 'कटलेट' म्हणून वाढल्या. मोठीने विचारलं, यात खिचडी आहे का? म्हटलं, नाही. आता शाळेतून आली की कळेल, कारण डब्यातही तेच दिलंय. बाकी सविस्तर रात्री लिहिते, कुकर झालाय.

(रात्री लिहिणार नाही, मला माहितेय.)

रानमेवा:
वरणफळांना आमच्याकडे चकोल्या म्हणतात. एकावर एक चिकटून लगदा होतो माझा. काय चुकतं?

गच्चीवरची तुळस:
@रानमेवा, आमटी पातळच ठेव आणि खळखळ उकळत असतानाच एकेक सोड. मूठभर एकदम टाकल्या की झालाच गोळा. शिजायला दहा-बारा मिनिटं, आणि गार झाली की पुन्हा दाटते, म्हणून हाताशी गरम पाणी ठेव.

पेठेतला:
आमचं 2020. पगार अर्धा, पोरगा सात, पोरगी चार, चौघं अधिक आई दोन खोल्यांत. बाहेरचं खाणं बंदच, म्हणून पोरांनी घरात हॉटेल काढलं. चपलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मेनू. 'पिवळं सूप राइस' म्हणजे वरणभात. 'गुलाबी रोटी' म्हणजे कणकेत किसलेलं बीट. आणि 'भोकवाला पिझ्झा' म्हणजे थालीपीठ! पाच भोकं, प्रत्येक भोकात तेलाचा थेंब पोरीने स्वतः चमच्याने सोडायचा, मागे मी हात धरून. भाजणी आईने लॉकडाउनच्या आधीच दळून ठेवली होती, तिने तीन महिने तारलं.

बिल कॅरमच्या सोंगट्यांत. काळी पाच रुपये, पांढरी दहा. राणी दिली की भांडी माफ. आईने एकदा तक्रार केली की भात गार आहे. वेटर म्हणाला, "उद्या या."

आळूचं फदफदं:
पुण्यातलंच हॉटेल, शंकाच नाही.

पेठेतला:
दुपारी एक ते चार बंदही असायचं :)

शिट्टी चौथी:
केकचा किस्सा कुणीच नाही? ओव्हन नव्हता, मुलाचा दुसरा वाढदिवस, दुकानातला केक परवडेना. रवा, दही, साखर भिजवून ठेवलं, सोडा अगदी शेवटी. कुकरमध्ये वाळू घालून तापवली. शिट्टी काढायची आठवण राहिली, रबर राहिलं आतच. अर्ध्या तासाने जो वास सुटला! केक वरून पांढराफटक, खालून कोळसा आणि रबराची कडक भाकरी. मधला तेवढा कापून त्यावर साखरेचा पाक आणि रंगीत बडीशेप लावली. फोटोत फार छान आलाय. सासूबाई अजून दर वाढदिवसाला विचारतात, रबर काढलंस ना?

वऱ्हाडी ठेचा:
शिळ्या पोळ्यांचे कुटके! कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, वरून लिंबू. दहा मिनिटांत पोट्टे गप्प.

रानमेवा:
फोडणीची पोळी म्हणा ना सरळ.

वऱ्हाडी ठेचा:
आमच्या इकडे त्याले कुटकेच म्हणतात बापा.

उशिरा उठणारी:
आमच्याकडे कुस्करा. गूळ-तूप घालून वळला की लाडू.

पेठेतला:
आमची आई मनोहरा म्हणते. नाव ऐकून बायकोला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात वाटलं, काहीतरी शाही येतंय.

चुलीपुढची:
माझं वय 60च्या पुढे, टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. 72चा दुष्काळ, सोलापूरकडचं खेडं. मी आठ वर्षांची. रेशनवर मिलो मिळायची, परदेशातली लाल ज्वारी. भाकरी थापताना चिरायची, खाताना घशाखाली उतरायची नाही. धाकटा भाऊ तोंडच उघडेना. मग आई त्याच्यासाठी तळहाताएवढी चानकी करायची आणि तव्यावरून काढताना म्हणायची, "ही सायबाच्या देशातून बोटीनं आली, कुणाकुणाला मिळत नाही." तो चानकी घेऊन वाड्यात सगळ्यांना दाखवत फिरायचा आणि फिरता फिरता संपवायचा. आईबाबा रस्त्याच्या कामावर जायचे. तिथे मिळालेली सुकडी पदराच्या गाठीत बांधून आणायची. आम्ही ती गाठ सोडायला भांडायचो. भाऊ आता नातवंडांचा आजोबा आहे, परवाच म्हणाला, चानकी कुणी करत नाही गं आता.

उशिरा उठणारी:
@चुलीपुढची काकू, सावकाश लिहा पण लिहा. पदराची गाठ वाचून गप्प झाले.

ऱ्हाईनकाठची:
मी जर्मनीत, नवरा पीएचडी करतोय, लेक दीड वर्षाची. तूरडाळ इथे महाग, म्हणून तुर्की दुकानातून लाल मसूर आणि बुलगुर आणते. बुलगुरची खिचडी अगदी दलियासारखी होते. ओट्सचा उपमाही करते, फोडणी दिली की घराला घरासारखा वास येतो. धूर ओळखणारा अलार्म मात्र मोहरी तडतडली की ओरडतो आणि लेक टाळ्या वाजवते. तिला वाटतं, जेवण तयार झाल्याची घंटाच ती.

आळूचं फदफदं:
तूरडाळीवरून आठवलं. 2015, 200 रुपये किलो! आमच्याकडे तेव्हा मूग-मसूर मिसळून वरण, आणि आठवड्यातून दोनदा पिठलं. बाबा म्हणायचे, डाळ सराफाकडे तोलायला हवी.

हिशोबाची वही:
सगळं गोड आहे वाचायला. पण खरं सांगू? माझी आईही असेच खेळ करायची. आम्ही चांदण्या खायचो आणि ती कापून उरलेल्या कडा. तेव्हा मला वाटायचं, तिला कडाच आवडतात. आता स्वतःला पोर झाल्यावर कळलं. या धाग्यावर कुणी आयांच्या ताटलीबद्दल लिहिलंच नाही, म्हणून लिहिलं. मूड घालवला असेल तर सॉरी.

गच्चीवरची तुळस:
@हिशोबाची वही, सॉरी कशाला. कडा मीच खायचे. आणि वर तूप नाही, तूप पोरांपुरतंच असायचं. वरच्या लिखाणात ते गाळलं खरं.

आत्ता धाकटीला होस्टेलवर फोन केला, कातणं सापडलं म्हणून. म्हणाली, "आई, डाळीच्या डब्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला की दादा आणि मी आधीच कातणं शोधून ठेवायचो." मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? तर म्हणते, "माहीत काय त्यात, आम्ही वाट बघायचो."

दोन पिल्लांची आई:
बाई गं. मोठी आली शाळेतून. म्हणाली, कटलेटमध्ये खिचडी होती, पण मी मैत्रिणीला सांगितलं नाही.

हिशोबाची वही:
@गच्चीवरची तुळस :)

उशिरा उठणारी:
असं पितळी कातणं कुठे मिळेल? माझं प्लॅस्टिकचं चाक फिरतच नाही, घासत जातं.

पेठेतला:
तुळशीबाग. रविवारी जाऊ नका, कातण्याऐवजी तुम्हीच कापल्या जाल.

शिट्टी चौथी:
अगं पण अंगठ्याचं काय? बर्फ लाव पटकन.

गच्चीवरची तुळस:
बर्फाच्या ट्रेमध्ये आलं-लसूण वाटून गोठवलंय. तेच फडक्यात बांधून लावलंय. नवरा आला आणि विचारतोय, आज काय बेत?