साध्या क्षणांवरची कविता: शेवट कसा करावा? सल्ला हवा

कडेचा_बाक: रोज 20 मिनिटं मिळतात. मुक्तछंदच हवा, 12 ओळींच्या आत. वृत्त नको. खर्डा असा:

पाहुणे गेले
घर निवांत झालं
नळ नीट बंद नाही
बादलीत थेंब पडतो
बऱ्याच वेळाने दुसरा
आवाज खोल होत जातो
जणू काळच ठिबकतो आहे

शेवट खटकतोय. काय करू?

शाईप्रेमी: आधी वही चांगली घ्या. 100 जीएसएमचा जाड कागद, म्हणजे शाई पाठीमागे उमटत नाही. उजव्या पानावर टिपणं, डावं पान दुरुस्तीला कोरं. मोबाईलवर जुना खर्डा पुसला जातो आणि नेमकी तीच ओळ नंतर हवी असते.

गणमात्रा: महिनाभर अष्टाक्षरी लिहा, ओळीत आठ अक्षरं, मग मोठा अभंग, चरणांत 6-6-6-4 अक्षरं. कान तयार झाल्याशिवाय मुक्तछंदाला हात लावू नये. हल्ली गद्य तोडून ओळी करतात, त्याला कविता म्हणवत नाही.

कडेचा_बाक: वृत्त नको म्हटलंय हो.

ओलीसुकी: 'जणू' काढा. थेंबाने जे सांगितलं तेच ती ओळ पुन्हा समजावते. 'निवांत'ही काढा, तो निष्कर्ष आहे. 20 मिनिटं अशी वाटा: पहिली 5 नुसत्या नोंदी, सात तरी, विशेषण एकही नाही. पुढची 10 ओळी लावायला. उरलेल्या 5 मध्ये मोठ्याने वाचा. श्वास अडखळेल तिथे ओळ तोडून पाहा. मग तीन दिवस वही उघडू नका. लगेच दुरुस्त केलं की मनातलं कागदावर आलंय असंच वाटत राहतं.

गणमात्रा: मुळात हा मुक्तछंद नाही, छंदमुक्त आहे. मुक्तछंदाला आतली लय असते.

तिसरी_ओळ: तो वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. यांची कविता 'नळ' पासून सुरू होते. वरच्या दोन्ही ओळी म्हणजे उंबरठा. काढा.

बेडूकउडी: हायकू करा ना, जपानी छोटी कविता, 5-7-5 अक्षरं. तीन ओळींत काम.

ओलीसुकी: जपानीत मोजतात ते 'ओन', म्हणजे ध्वनीचे छोटे तुकडे, आपली अक्षरं नव्हेत. 'निप्पोन' तिथे चार ओन, आपल्याकडे तीन अक्षरं. आकडा जुळवायला 'तो', 'ही', 'च' घुसतात आणि ओळ फुगते. दोन चित्रांमधला छेद सांभाळा, तो खरा.

कानसेन: निरीक्षणातच चूक आहे. रिकाम्या बादलीत थेंब तळावर 'टक्' वाजतो. तळ पाण्याने झाकला की 'टुपुक्'. 'खोल होत जातो' हे ऐकून लिहिलेलं नाही, ठरवून लिहिलंय. अशा कवितेत एवढी एक चूक झाली तरी वाचकाचा विश्वास उडतो.

शब्दवेडा: 'जणू' काढाच. पहिल्या दोन ओळीही. +1

शाईप्रेमी: +1. आणि पेन्सिल नको, पुसायचा मोह होतो.

कडेचा_बाक: आभार. बादलीशी बसून ऐकलं, कानसेन बरोबर आहेत. 'जणू' आणि 'निवांत' गेले. पण पाहुणे काढत नाही. ते असताना हा थेंब ऐकूच येत नव्हता. फक्त जागा बदलली:

नळ नीट बंद नाही
बादलीत टक्
बऱ्याच वेळाने टक्
पाहुणे गेले
टुपुक्

तिसरी_ओळ: पाहुणे अजूनही नकोत असंच माझं मत.

गणमात्रा: अष्टाक्षरीत हे जास्त खुललं असतं.