बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे पावसाळाभर उघडे का ठेवावे लागतात?

गोदाकाठ:
नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यात आमची शेती आहे. दरवर्षी 1 जुलैला बाभळी बंधाऱ्याचे चौदाही दरवाजे उचलले जातात आणि पावसाळाभर गोदावरीचे पाणी आमच्या डोळ्यांदेखत तेलंगणातील श्रीरामसागर धरणाकडे वाहून जाते. 29 ऑक्टोबरला दरवाजे खाली येतात, तेव्हा कमी पावसाच्या वर्षी नदीचा ओघ पुष्कळसा ओसरलेला असतो. पुढे 1 मार्चला, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, अडवलेल्या पाण्यातूनही 0.6 टीएमसी (अब्ज घनफूट) खाली सोडावे लागते. या पट्ट्यात महाराष्ट्राला 60 टीएमसी पाण्याचा हक्क आहे, असे आम्ही ऐकत आलो आहोत. तसे असेल, तर अवघ्या 2.74 टीएमसीच्या बंधाऱ्यावर एवढी बंधने कशासाठी? जाणकारांनी कायद्याच्या अंगाने समजावून सांगावे, ही विनंती.

खोरे-अभ्यासक:
60 टीएमसीचा आकडा खरा आहे. तो 6 ऑक्टोबर 1975 रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश (तेलंगणा तेव्हा त्याचाच भाग होता) यांच्यात झालेल्या करारातून आला. पैठणपर्यंतचे गोदावरीचे आणि सिद्धेश्वरपर्यंतचे पूर्णेचे सर्व पाणी महाराष्ट्राने वापरावे, त्याखाली पोचमपाड म्हणजेच श्रीरामसागर धरणापर्यंतच्या क्षेत्रात नव्या प्रकल्पांसाठी 60 टीएमसी घ्यावे आणि उरलेले पाणी आंध्रने हवे तसे वापरावे, असे त्यात ठरले. गोदावरीच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या बच्छावत लवादाने 1980 च्या अंतिम निवाड्यात हा करार समाविष्ट केला, त्यामुळे तो दोन्ही राज्यांवर बंधनकारक झाला. मात्र ही मर्यादा त्या क्षेत्रातील सगळ्या नव्या प्रकल्पांची मिळून आहे, एकट्या बाभळीची नव्हे. शिवाय त्याच करारात आपण श्रीरामसागरची 1,091 फुटांची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी, मान्य केली होती. बाभळीच्या वादाचे मूळ या कलमात आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत नेमके तेच सुटते.

तळेगावकर वकील:
वरील मुद्दा पुढे नेतो. बाभळी बंधारा राज्याच्या सीमेपासून सुमारे 7 किलोमीटर आत आहे, तरीही श्रीरामसागर पूर्ण भरले की त्याचा फुगवटा तिथपर्यंत पोहोचतो. आमच्या धरणाच्या साठ्यातच बंधारा बांधला जात आहे, असे म्हणत आंध्रने 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालात न्यायालयाने बंधाऱ्याला हरकत घेतली नाही, परंतु वापरावर तीन अटी घातल्या: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावेत, उरलेल्या काळात 2.74 टीएमसीपेक्षा अधिक पाणी वापरू नये आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी सोडावे. दोन्ही साठ्यांचा सामाईक भाग 0.6 टीएमसीचा असल्यामुळे तेवढे पाणी परत द्यावे लागते. तो दंड नव्हे. देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोगाच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली.

गोदाकाठ:
दोघांचेही आभार. 0.6 चा हिशेब आता पटला. परंतु सप्टेंबरातच पाऊस थांबला, तर तारीख अलीकडे आणता येणार नाही का?

तळेगावकर वकील:
महाराष्ट्राला एकतर्फी तसे करता येणार नाही, कारण तारखा न्यायालयाच्या आदेशातच आहेत. माझ्या मते तेलंगणाची संमती मिळवून दोन्ही राज्यांनी एकत्रितपणे न्यायालयाकडे बदल मागणे हाच सरळ मार्ग आहे. श्रीरामसागर भरून वाहत असलेल्या वर्षी अशी मागणी मान्य होण्याची शक्यता अधिक वाटते, कारण त्या वेळी बाभळीत अडवलेल्या पाण्याने तेलंगणाचे काहीच कमी होत नाही. दुष्काळी वर्षी मात्र दोन्हीकडचे शेतकरी त्याच पाण्याकडे डोळे लावून बसलेले असतात. म्हणून तुमच्या भागातील पाणीवापर संस्थांनी निवेदन देताना नुसती तारीख बदलून मागू नये. श्रीरामसागरचा साठा किती असताना बाभळीचे दरवाजे लवकर बंद करता येतील, याचे कोष्टक जलसंपदा विभागाकडून तयार करून घेण्याचा आग्रह धरावा.